ताग्यावरचं पांढरं पातळ

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घाचं मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही ओढ्याला पाणी आलं की बुडायची. तेव्हा हे कधी कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात. मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरकते, आणि अक्काबद्दल तर मी आजवर कुणाला धड चार वाक्यंही सांगितली नाहीत. कागदासमोर लाज कमी वाटते, एवढंच.

अक्का समोर आलेल्या बाईकडे खालून वर बघायची. आधी टाचा, मग पातळाचा काठ, मग निऱ्या, मग पोलक्याची बाही, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. नव्या बाईला त्याचा राग यायचा. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं की ही माझी किंमत करते आहे. पुढे कधीतरी मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "तोंड आईबापांनी दिलेलं. त्यात तुझी हुशारी काय? लुगडं तू स्वतः नेसलीस. म्हणून आधी ते बघते."

ती स्वतः पांढरं नेसायची. पांढरंशुभ्र पाचवारी गोल पातळ, बारीक निळ्या काठाचं, भाताच्या पेजेची खळ दिलेलं. आमच्या लालबागेत तेव्हा गिरण्यांच्या धुराड्यांतून काजळी पडायची. दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यावर तासाभरात काळे ठिपके दिसायचे. तिथे अक्का घोट्यापासून खांद्यापर्यंत पांढरी होऊन परळच्या इस्पितळात कामाला निघायची. ती तिथे आया होती. शिवाय त्याच सुमारास तिच्या माणसांनी धर्म बदलला होता, ते बौद्ध झाले होते, आणि त्यांच्यात पांढरं शुभ मानायला लागले होते. नवरा जिवंत असलेली बाई पांढरं नेसते, हे आमच्या चाळीला बघवत नसे. पोरं गॅलरीतून ओरडायची, "बगळी निघाली रे, बगळी." अक्का मान वर करून त्यांना म्हणायची, "बगळा उभा असतो चिखलात. पण त्याच्या पंखाला कधी चिखल बघितलात का रे?" आणि तशीच चालत जायची, जोरात नाही, हळूही नाही.

माझी तिची ओळख इस्पितळात झाली. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं होतं. आमचे हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि मोर्च्यात पुढे होते. गोळीबार झाला तेव्हा यांच्या मांडीत गोळी शिरली. चार जणांनी उचलून घरी आणलं तेव्हा मी नळावर भांडी घासत होते. घरात दुसरं काही सापडेना म्हणून माझं वाळत घातलेलं विटकरी लुगडं फाडून त्यांच्या मांडीला आवळलं आणि मग इस्पितळात नेलं. ते लुगडं परत आलं नाही. माझ्याकडे दोनच होती, त्यामुळे राहिलं एक हिरवं.

मी रोज दुपारी डबा घेऊन इस्पितळात चालत जायची. सकाळी ते हिरवं धुवायचं, अर्धवट वाळलं की नेसायचं आणि निघायचं. वॉर्डाच्या दारात पोलीस बसलेला असे, त्याच्यासमोरून मी मान खाली घालून भरभर पुढे व्हायची. एक दिवस अक्काने मला जिन्यात थांबवलं. तिची नजर माझ्या टाचांपासून वर आली.

"ओलं नेसून आलीस."

मी पदर ओढून घेतला.

"एकच आहे?"

"हो."

"आणि दुसरं?"

"यांच्या पायाला बांधलं."

तिने माझ्या ओल्या काठाला हात लावून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे ते वाया नाही गेलं. पण हे असं ओलं नेसशील तर उद्या तुझीच खाट इथे टाकावी लागेल. कुठल्या गावची तू?"

मी गाव सांगितलं, सासऱ्यांचं नाव सांगितलं. ती हसली. "मी त्याच गावची. खालच्या वाडीतली. तुझ्या सासऱ्यांना मी ओळखायची. त्यांनी मला ओळखलं नसतं."

मी मान खाली घातली. खालच्या वाडीतल्या माणसांना आमच्या गावात विहिरीच्या पायरीवर पाय ठेवता येत नसे. ती हे अगदी साधेपणाने बोलली होती, आणि बोलता बोलता माझ्या हातातला जड डबा तिने स्वतःच्या हातात घेतला होता.

हे घरी आले पण पाय सरळ होईना. जखम भरायची आणि पुन्हा वाहायची. दर पंधरा दिवसांनी पट्टी बदलायला न्यावं लागे. गिरणीने नाव कमी केलं. सुरुवातीला चाळीतल्या लोकांनी तांदूळ दिले, मंडळाने वर्गणी काढून पैसे दिले. मग दिवस गेले तशी माणसं आपापल्या अडचणीत गुंतली. घरात आम्ही तिघं. हे खाटेवर, सासूबाई चुलीपाशी आणि मी दोघांच्या मध्ये. पाय कापावा लागेल की काय, जखमेतलं विष वर चढेल की काय, हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं, पण सासूबाई रात्रंदिवस देवाचं नाव पुटपुटायच्या त्यावरून कळत होतं.

अक्का आमच्या मागच्या चाळीत राहायची. पण आमच्या मजल्यावर ती कधी आली नाही. जिन्याखाली उभी राहून हाक मारायची. मी एकदा म्हटलं, "वर या की." तर म्हणाली, "तू बोलावलंस. घराने कुठे बोलावलंय?" त्या दिवशी ती सांगायला आली होती की इस्पितळात आया भरताहेत, तुझं नाव मी मेट्रनबाईंच्या कानावर घातलं आहे.

"मला जमेल?"

"डबा घेऊन रोज पोलिसासमोरून जायचीस ना? मग जमेल. पण ह्या अवतारात नाही." आणि तिने बोटांवर मोजून सांगितलं. गोल पातळ पाहिजे, पांढरं. घोटा झाकेल इतकं खाली, पण जमीन झाडेल इतकं नाही. पोलकं कोपरापर्यंत बाहीचं. केस घट्ट बांधलेले, पदर खोचलेला. मेट्रनबाई सकाळी फाटकाशी उभ्या राहतात. मळलेलं, चुरगळलेलं दिसलं की बाईला तिथूनच परत पाठवतात. तो दिवस बुडाला. असे तीन दिवस बुडाले की नाव कमी.

मी तिला म्हटलं, "तुमचं एखादं जुनं पातळ द्या ना, अक्का. तेवढ्यावर भागवेन."

तिचा चेहरा एकदम बदलला. राग नव्हता, पण दार लावून घ्यावं तसं काहीतरी झालं. "उतरलेलं मी कुणाला देत नाही," ती म्हणाली. "पैसे देते. नवं घे. सवडीने परत कर."

रविवारी आम्ही हिंदमाता टॉकीजजवळच्या दुकानात गेलो. मी आयुष्यात कापड दुकानाच्या गादीवर बसले नव्हते. आमची लुगडी गावाला बाजाराच्या दिवशी सासरे आणायचे, आणि आणतील ती नेसायची. अक्का मात्र मांडी घालून बसली आणि एकेक तागा उलगडायला लावला. कापड ती उजेडासमोर धरायची. मग दोन बोटांत चोळायची आणि बोटं मला दाखवायची. बोटांना पांढरी भुकटी लागलेली असे. "बघ, ही गिरणीची खळ. ही धुतली की आत मच्छरदाणी उरेल. कापड हाताला कडक लागलं म्हणून भुलायचं नाही. चोळून बघायचं." दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही घेणार कमी आणि शिकवणार जास्त." त्यावर अक्का म्हणाली, "शेठ, शिकलेलं गिऱ्हाईक परत येतं. फसलेलं येत नाही."

मी सगळ्यात स्वस्त तागा दाखवला. तिने तो बाजूला सारला. मग पांढऱ्यावर बारीक हिरवा काठ असलेलं कापड काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकून लांबून बघितलं. "हे घे. हिरवा काठ आहे, म्हणजे तुझ्या सासूला धीर राहील. आणि तू सावळी आहेस, निळ्या काठापेक्षा हिरवा तुला उजळवतो. कामाचे कपडे असले तरी आपल्याला शोभेल ते बघून घ्यावं. शोभणं काही फुकट जात नाही." मला कुणी असं कधी सांगितलं नव्हतं. मला काय शोभतं याचा विचार मीच कधी केला नव्हता. दुकानदाराने माप घेतलं, कातरीने जरासा छेद दिला आणि सर्रकन कापड फाडलं. तेव्हा मला दिसलं की अक्का डोळे मिटून तो आवाज ऐकते आहे. दोन पातळं, दोन परकर, पोलक्यांचं कापड आणि चपला मिळून तीस रुपये झाले. तीस रुपये ही तेव्हा आमच्या घराच्या दृष्टीने फार मोठी रक्कम होती.

पातळ नेसायला तिने मला तिच्याच खोलीत शिकवलं. नऊवारीत मागे कासोटा असतो, पाय मोकळे असतात. गोल पातळात मला पाय बांधल्यासारखे वाटले. दोन पावलं टाकली आणि निऱ्या सुटल्या. अक्का हसून हसून खाली बसली. "अगो, तू ओढा ओलांडतेस काय? हा परळचा रस्ता आहे. पाऊल अर्धं कर." मग ती माझ्या पायाशी बसून निऱ्या सारख्या करायला लागली. मोठी बाई पायाशी बसली म्हणून मी संकोचाने मागे सरकले. "पाय मागे घेऊ नकोस," ती म्हणाली, "माझ्या हातातली धार बिघडते." शिकून झाल्यावर तिने पाणी दिलं. मी पेला हातात धरून क्षणभर थांबले असेन. तिने ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागली. मी पाणी प्यायले. घरी सांगितलं नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी मी घरूनच पांढरं नेसून निघाले. सासूबाईंनी वर बघितलं आणि हातातली पळी खाली ठेवली.

"ह्ये काय गो?"

"इस्पितळात असंच लागतं, आत्याबाई."

"माजा लेक खाटेवर हाय. अजून श्वास घेतोय. आनि तू पांढरं नेसून उंबरा वलांडतेस?"

"काठ हिरवा आहे."

"तो मला दिसतो. यमाला दिसंल काय?"

मी यांच्याकडे बघितलं. मोर्च्यात बंदुकीसमोर उभा राहिलेला माणूस भिंतीकडे तोंड करून निजला. मी मोरीत जाऊन पातळ सोडलं, हिरवं लुगडं नेसले आणि पांढरं काखेत मारून धावत अक्काकडे गेले. ती निघायच्या तयारीत होती. मला वाटलं, ही आता म्हणेल की तुझी सासू असली तशी. पण ती म्हणाली, "ती रागावली नाही, ती भ्यायली आहे. भ्यालेल्या माणसाला कपड्याने धाक घालू नये. तू रोज इथे येऊन बदल." म्हणून पुढचे कित्येक महिने मी घरून हिरव्यात निघायची, अक्काच्या खोलीत पांढरी व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा हिरव्यात घरी जायची. सासूबाईंनी कधी विचारलं नाही. पगार हातात दिला की देवापुढे ठेवायच्या. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं.

त्या सकाळच्या अर्ध्या तासात मी अक्काकडून जे शिकले त्यावर माझी पुढची सगळी नोकरी झाली. पातळ पिळायचं नाही, दोघींनी दोन टोकं धरून झटकायचं. बाहेर दांडीवर टाकायचं नाही, घरातच दोरीवर टाकून वरून जुनी चादर पसरायची, म्हणजे काजळी चादरीवर पडते. इस्त्रीला पैसे नसतील तर ओलसर असताना घडी घालून गादीखाली ठेवायचं आणि त्यावर आपण झोपायचं. निळीचा एकच थेंब, जास्त झाला तर माणूस आजारी दिसतं. रक्ताचा डाग गार पाण्यात, गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो. हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण यांच्या धोतरावरचे डाग मी तेव्हा उकळत्या पाण्यात टाकले होते. बांगड्यांचा आवाज मेट्रनबाईंना चालत नसे. हातातल्या बांगड्या उतरवायच्या म्हटल्यावर मला रडूच आलं. अक्काने पांढऱ्या कापडाची पट्टी काढली आणि माझ्या बांगड्यांभोवती घट्ट गुंडाळून टाके घातले. "आता वाजत नाहीत, आणि हातातही आहेत. यम आला तर पट्टी सोडून दाखव." ती असं काही बोलली की मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

चाळीत मात्र बोलणं वाढलं. नळावर कुणीतरी म्हणालं, "एक बगळी होती, आता जोडी झाली. नवरा अर्धा मेलाय म्हणून हिने आधीच पांढरं घेऊन ठेवलं." मी बादली तशीच टाकून आले. त्या दिवशी फाटकाशी मेट्रनबाई म्हणाल्या, "डोळे का सुजलेत?" अक्का मागून म्हणाली, "कांदे चिरलेत बाई तिने." मग आत गेल्यावर माझा पदर सारखा करत मला म्हणाली, "लोकांच्या बोलण्याने निऱ्या मोडत नाहीत. तू खाली बसून रडतेस त्याने मोडतात. रडायचं तर उभ्याने रड."

पावसाळ्यात यांची जखम पुन्हा चिघळली. ताप उतरेना. सासूबाई आणि शेजारचे एक काका आमच्या ह्यांना टॅक्सीत घालून इस्पितळात घेऊन आले. मी तेव्हा कामावर होते, पांढऱ्या पातळात. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. मी समोरून आले आणि त्यांच्याकडे बघून जागच्या जागी थांबले. लपायला जागा नव्हती. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. पलीकडे अक्का यांना स्ट्रेचरवरून टेबलावर घेत होती. "हात घाल माझ्या मानेभोवती. घाल रे बाबा, लाजू नको, तुझ्या आईच्या वयाची नसले तरी थोरल्या बहिणीच्या वयाची आहे." यांनी तिच्या मानेला हात घातला आणि तिने त्यांना लहान मुलासारखं उचललं. तिचं पांढरं पातळ यांच्या जखमेच्या पुवाने भरलं. ती तशीच डॉक्टर येईपर्यंत त्यांचं डोकं धरून उभी होती. पाय वाचला. आखडला तो कायमचा, पण वाचला.

घरी आल्यावर सासूबाई दोन दिवस देवापुढे बसून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून त्यांचं जरीकाठी लुगडं काढलं. लेकाच्या लग्नात नेसलेलं, एकदाच. त्यात त्यांनी कडुनिंबाची पानं घालून ठेवली होती. "तीस रुपये देणं हाय ना तिचं? ह्ये साठाचं हाय. तिला देऊन टाकू. चल." सासूबाई अक्काच्या दारात जायला निघाल्या, हेच मला इतकं मोठं वाटलं की दुसरं काही सुचलं नाही. आमच्या गावात मोठं देणं असंच देत. बाळंतपण केलं, सुतक काढलं, की खालच्या वाडीतल्या बाईला लुगडं. त्यात कुणाला काही वाटत नसे. म्हणजे आम्हाला वाटत नसे.

अक्काने लुगडं दोन्ही हातांनी घेतलं. उलगडून काठ बघितला. "जर खरी आहे," ती म्हणाली. मग आधीच्याच घडीवर परत घडी घातली, एकही चुणी न पडू देता, आणि सासूबाईंच्या समोर धरली.

"मावशी, हे तुमचं ठेवा. मला पैसे द्या."

"का? मी काय फाटकं आनलंय?"

"नाही. सगळ्यात चांगलं होतं ते आणलंत, मला कळतंय. म्हणून तर हातात घेतलं. दुसरं कुणी असतं तर दारातूनच परत केलं असतं."

"मग?"

अक्का हळू बोलायला लागली. "माझ्या आईने जन्मात ताग्यावरचं कापड नेसलं नाही. तुमच्या वाडीतून उतरलेलं यायचं. नाहीतर मयताच्या अंगावरचं, मसणातून उचलून आणलेलं. ते धुऊन ती नेसायची. ती मेली तेव्हाही तिच्या अंगावर दुसऱ्याच बाईचं लुगडं होतं. तुमच्या घरातलं की शेजारच्या, मला आठवत नाही. मुंबईला आले, पहिला पगार घेतला आणि दुकानात जाऊन पांढरं फाडून मागितलं. त्या दिवसापासून उतरलेलं घेत नाही आणि कुणाला देतही नाही. तुम्ही पैसे द्या मावशी. दोन रुपयांनी द्या, आठ आण्यांनी द्या. पैसे कुणी नेसलेले नसतात."

सासूबाईंनी लुगडं ओढून घेतलं. बाहेर पडल्यावर चाळीच्या बोळात मला म्हणाल्या, "माज बगितलास? लेकाच्या लग्नातलं दिलं मी. मसणातलं म्हनते त्याला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला दोघींचंही खरं वाटत होतं आणि दोघींपैकी कुणालाच काही सांगता येत नव्हतं. घरी गेल्यावर त्यांनी ते लुगडं ट्रंकेत ठेवलं नाही. कितीतरी दिवस ते दोरीवर तसंच लोंबत होतं, आणि त्यावर काजळी पडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भीत भीत अक्काकडे गेले. तिने दार उघडलं. माझं पातळ नेहमीसारखं घडी घालून ठेवलेलं होतं. पण ती हसली नाही. मी निऱ्या घालत असताना म्हणाली, "आजवर घाई नाही म्हणत होते. आता दर पगाराला काहीतरी देत जा. थोडं दे, पण दे." मला लागलं ते. वाटलं, माणूस तुटलं. मग दर महिन्याला मी कधी दोन रुपये, कधी तीन रुपये तिच्या हातावर ठेवत गेले, आणि ती न मोजता पेटीत टाकत गेली. पैसे दिले की त्या सकाळी ती जरा जास्त बोलायची. हळूहळू मला कळलं की ती मला तोडत नव्हती. तिच्या माझ्यामध्ये लुगड्याचं देणं येऊन पडलं होतं, ते ती बाजूला सारत होती.

सासूबाईंनी घरात पुन्हा तिचं नाव काढलं नाही. पण एक दिवस मी हिरवं नेसून निघाले तर म्हणाल्या, "तिकडं जाऊन बदलतेस ते इथंच बदल. लोकं दोनदा बगत्यात." त्या दिवसापासून मी घरूनच पांढरं नेसून निघायला लागले. आणि होळीच्या सुमारास कधीतरी, भाकरी थापता थापता, त्यांनी विचारलं, "किती ऱ्हायले गो तिचे?"

"सहा."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवसापासून मसाल्याच्या गल्लीत मिरच्या निवडायला जायला लागल्या. देठ काढायचे, टोपलीवर मजुरी. संध्याकाळी त्यांची बोटं सुजून लाल झालेली असत. मी तेल लावायला गेले तर हात मागे घ्यायच्या. कशासाठी जातात ते त्यांनी यांनाही सांगितलं नाही. हे एकदा म्हणाले, "आई, या वयात कशाला?" तर म्हणाल्या, "घरात बसून तुझा पाय बगत ऱ्हावू काय?"

तेवढ्यात अक्काच्या मुलाला अंबरनाथला कारखान्यात नोकरी लागली. तिकडच्या दवाखान्यात अक्कालाही काम मिळत होतं. तिने खोली सोडायचं ठरवलं. मला तिने हे पातळ नेसता नेसता सांगितलं, आणि माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. "पुन्हा घाल," ती म्हणाली. "आता दाखवायला कुणी नसेल." मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी फक्त विचारलं, "कदी जाते?"

शनिवारी त्या कामावरून लवकर आल्या. तोंड धुतलं, केस विंचरले, रोजचंच पण धुतलेलं लुगडं नेसल्या आणि मला म्हणाल्या, "चल." आम्ही जिना उतरून मागच्या चाळीत गेलो. अक्काच्या खोलीत वळकट्या बांधलेल्या होत्या, भांडी पोत्यात भरलेली होती. अक्का दारात आली. तिची नजर सवयीने सासूबाईंच्या टाचांवरून वर गेली.

"या मावशी."

सासूबाई या वेळी आत गेल्या आणि वळकटीवर बसल्या. पदराची गाठ दातांनी सोडली. चुरगळलेल्या नोटा आणि चिल्लर होती. त्यांनी ती खाली ठेवली नाही. अक्काचा हात ओढला, तो उघडला आणि त्यावर पैसे ठेवून वरून तिची मूठ मिटवली. पैशांना मिरचीची इतकी धग होती की अक्का शिंकली, मग मी शिंकले, आणि सासूबाई म्हणाल्या, "ठसका हाय. माज्या हातचा हाय."

आजवर माझ्याकडून घेतलेले पैसे अक्काने कधी मोजले नव्हते. त्या दिवशी तिने मूठ उघडली आणि सासूबाईंच्या समोर एकेक नोट, एकेक नाणं वळकटीवर मांडून मोजलं.

"सहा. फिटले, मावशी."

"परत मोज गो बाय," सासूबाई म्हणाल्या. "माजं काय ऱ्हायला नको."

अक्का त्यांच्याजवळ बसली आणि तिने परत मोजले. सगळे होते.